पुन्हा सारथ्य

मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांस जुलै २०२२ मधील आमच्या अपघाताची हकीकत ठाऊक आहे. त्या दिवसांत आमच्या घरी समाचारास येऊन गेला नाही असा सभासद विरळा. कित्येकांनी आमच्यासाठी देवीस नवस बोलले. एका कुटुंबाने तर आम्ही वाचलो म्हणून अभिषेकही करविला. त्या सर्वांचे ऋण आम्ही मानतो. परंतु जी हकीकत त्यांस ठाऊक आहे ती पुरती खरी नाही, आणि ती तशीच राहू देण्यात आमचाही हात होता. ती आज दुरुस्त करावयाची आहे, आणि तिच्या अनुषंगाने एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा की, ज्याच्या हातून मोटारीचा अपघात घडला, त्याने पुन्हा चालकाच्या जागी बसावे की बसू नये?

वरवर पाहता प्रश्न लहान आहे. ज्याला भीती वाटते त्याने बसू नये, ज्याला वाटत नाही त्याने बसावे, असे म्हणून कोणीही तो निकालात काढील. आम्हीही प्रथम तसेच म्हटले होते. पुढे अनुभव असा आला की, ज्याला भीती वाटत नाही त्याने बसणे कधीकधी अगदी अयोग्य असते, आणि ज्याला वाटते त्याने बसणे हेच कधीकधी त्याचे कर्तव्य असते. हे कसे, ते सांगण्यापूर्वी त्या दिवसाची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

कवळ्यास श्री शांतादुर्गेचे दर्शन, अभिषेक व महाप्रसाद आटोपून आम्ही दुपारी दीडच्या सुमारास बेळगावकडे परत निघालो. बरोबर आमचे कुटुंब व थोरली बहीण. पहाटे चार वाजता आम्ही बेळगाव सोडले होते, आणि आदल्या रात्री तयारीच्या गडबडीत झोप जेमतेम तीन तासांची झाली होती. साखळी गेली, केरी गेली. चोर्ल्याच्या घाटात धुके इतके दाट होते की दहा पावलांपलीकडचे दिसेना. तेथे आम्ही फार जपून गाडी हाकली. घाट चढून वर आलो, कणकुंबी मागे टाकली, आणि मग ज्याला सोपा रस्ता म्हणतात तो लागला. बरोबरच्या दोघींस केव्हाच डुलकी लागली होती. पाऊस एका तालात पडत होता, वायपर एका तालात फिरत होते. साडेतीनच्या सुमारास समोरून मोटारसायकलीवर एक तरुण येत होता. गाडीच्या दोन्ही अंगांस दुधाच्या रिकाम्या किटल्या अडकविलेल्या. आमची गाडी रस्त्याचा मध्य ओलांडून त्याच्या बाजूस गेली. त्याने प्रसंगावधान राखून मोटारसायकल रस्त्याखाली घातली, म्हणून समोरासमोर टक्कर झाली नाही. परंतु आमच्या गाडीचा कोपरा त्याच्या उजव्या पायास लागला, आणि पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. आमची गाडी पुढे जाऊन एका झाडास अडली. आम्हा तिघांस खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. किटल्या डांबरावरून गडगडत गेल्या, त्यांचा आवाज मात्र अद्याप कानांत आहे.

पंचनाम्यात, रस्ता ओला होता व गाडी घसरली, असे आमच्या सांगण्यावरून नमूद झाले. समाचारास येणाऱ्यांसही आम्ही तेच सांगितले. मग कोणी रस्त्यास दोष दिला, कोणी ग्रहमानास. कोणी म्हणाले, वेळ आली होती पण काळ आला नव्हता. आम्ही ऐकून घेतले. वास्तविक गाडी घसरलीच नव्हती. आम्हाला झोप लागली होती. तीन सेकंद, फार तर चार. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर. ते पन्नास मीटर ती गाडी कोणीच चालवीत नव्हते.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. अनावर घोड्यांच्या पायी रथ कसा भरकटतो, हे तेथे सांगितले आहे. आम्ही पुष्कळदा त्यावर प्रवचने ऐकली, एकदोनदा स्वतःही बोललो. परंतु घोडे सुरळीत चालले आहेत, रस्ताही बरा आहे, आणि सारथीच निजला आहे, अशी अवस्था आमच्या ध्यानात कधी आली नव्हती.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण ती एखाद्याच्या उपयोगी पडेल. चालकाची झोप ही सांगून येत नाही, असे आपण समजतो. ते खरे नाही. जांभया येतात, पापण्या जड होतात, गेल्या दोन मैलांत काय पाहिले ते आठवत नाही. ती सांगतच असते, ऐकणारा तिला दटावीत असतो. रात्री दोननंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी दोन ते चार, हे तिचे विशेष काळ. त्यात भरल्या पोटी निघालेला मनुष्य तर तिचे आवडते भक्ष्य. काच खाली करून वारा घेणे, रेडिओ मोठ्याने लावणे, स्वतःला चिमटे काढणे, हे सर्व उपाय आम्ही त्या दिवशी केले होते. त्यांनी झोप जात नाही. ती गेली असा भ्रम तेवढा होतो. गाडी बाजूस लावून वीसपंचवीस मिनिटे निजणे हाच खरा उपाय, आणि तो लाजेखातर कोणी करीत नाही. घरी लवकर पोहोचावयाचे होते. कशासाठी, हे आता विचारले तर सांगता येणार नाही.

अपघातानंतर चालकाने काय करावे, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सांगितले आहे. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, पोलिसांस वर्दी द्यावी. विमा तर आधीच उतरलेला असला पाहिजे, म्हणजे दुसऱ्यास झालेल्या हानीची भरपाई त्यातून होते. एवढे आम्ही केले. त्याच रस्त्याने मागून आलेल्या एका टेम्पोतून त्या तरुणास बेळगावच्या रुग्णालयात आणले, रात्रभर बाहेर बाकावर बसून राहिलो, पुढे भरपाईचे प्रकरणही यथावकाश मिटले. कायद्याचा आमच्याशी असलेला हिशेब तेथे पुरा झाला. पुढे मनुष्याने स्वतःशी काय हिशेब करावा, हे कायदा सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे.

आम्ही केले ते असे. गाडी दुरुस्त होऊन दारी आली, तेव्हा तिची किल्ली मुलाच्या हाती दिली आणि सांगितले की, यापुढे आम्ही चालकाच्या जागी बसणार नाही. कारण विचारले असता, हे आमचे प्रायश्चित्त आहे, असे उत्तर दिले. ऐकणाऱ्यास ते उत्तर फार आवडे. एका वयोवृद्ध सभासदाने तर, असा विवेक आजकाल दुर्मिळ, असे म्हणून पाठीवर हात ठेवला. त्या हाताचे ओझे आम्हांस पुढे कित्येक महिने जाणवत राहिले.

कारण आत काय चालले होते ते आम्हास ठाऊक होते. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, असे म्हणतात; आमची अवस्था त्याहून वाईट होती, कारण आम्ही ताकाचे भांडेच घरात ठेवीनासे झालो. गाडीचे दार लावल्याचा आवाज आला की छातीत धडधडे. पाऊस सुरू झाला की तळहातास घाम सुटे. पितळेचे भांडे फरशीवर पडले, तर आम्ही जागच्या जागी उभे राहात असू. हे प्रायश्चित्त नव्हते. ही भीती होती. फरक इतकाच की, भीतीला भीती म्हणण्याची लाज वाटत होती, म्हणून तिला प्रायश्चित्ताचे सोवळे नेसविले होते.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो, ते आपण सर्वजण वाचतो. परंतु तो बसण्यापूर्वी जे बोलतो त्याकडे आमचे लक्ष पूर्वी इतके गेले नव्हते. तो, मला भय वाटते, असे म्हणत नाही. तो कुलधर्माविषयी बोलतो, पापाविषयी बोलतो, पितरांविषयी बोलतो. त्यातील बरेचसे खरेही आहे. तरीही श्रीकृष्ण त्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत; तू शहाण्यासारखे बोलतोस आणि ज्यांचा शोक करू नये त्यांचा करतोस, असे सुनावतात. व्याकूळ झालेले मन धर्माची भाषा किती सफाईने बोलू शकते, हे ज्याने स्वतःच्या ठिकाणी पाहिले, त्याला तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत तामसी धृतीचे लक्षण असे की ती निद्रा, भय, शोक यांस सोडीत नाही. निद्रा आणि भय एकाच ओळीत! आमच्या बाबतीत त्या दोहोंत एका दिवसाचेच अंतर होते. मात्र त्याच अध्यायात सात्त्विक बुद्धीचे वर्णन आहे, आणि तेथे भयाचा निषेध केलेला नाही. कशाचे भय धरावे आणि कशाचे धरू नये, हे जी जाणते ती सात्त्विक बुद्धी. म्हणजे प्रश्न भय असावे की नसावे हा नव्हेच.

या ठिकाणी एका परदेशी मनुष्याची हकीकत सांगण्याचा मोह होतो. ती आम्हास मुलाने सांगितली. तो मोटारींच्या शर्यतींचा षोकीन आहे. आम्हास त्या शर्यतींत काडीचेही स्वारस्य नाही, आणि माणसाने पैशासाठी व कीर्तीसाठी असा जीव धोक्यात घालावा हे आजही पटत नाही. परंतु निकी लाउदा या ऑस्ट्रियन चालकाच्या १९७६ सालातील तीन महिन्यांची हकीकत आमच्या प्रश्नावर जितका प्रकाश टाकते तितका दुसऱ्या कशाने पडलेला आम्ही पाहिला नाही.

लाउदा आदल्या वर्षीचा जगज्जेता होता. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत न्यूरबर्गरिंग येथे शर्यत होती. तो मार्ग डोंगरातून जाणारा, एका फेरीस बावीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा. तो धोक्याचा आहे, येथे शर्यत घेऊ नये, असे लाउदाने इतर चालकांस आधी सांगून पाहिले होते. बहुमत त्याच्याविरुद्ध गेले. दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी कठड्यावर आदळून पेटली. मागून आलेल्या चालकांनी थांबून त्याला ज्वाळांतून ओढून काढले. चेहरा व डोके भाजले होते, उजव्या कानाचा बराचसा भाग गेला, आणि विषारी धुराने फुप्फुसांची अशी दशा झाली की रुग्णालयात धर्मोपदेशकास बोलावून मरणासन्न माणसासाठी करावयाचे अखेरचे धर्मविधीही उरकले गेले. तो मनुष्य सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबर रोजी, इटलीत मोंझा येथे पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला.

येथवरची हकीकत शौर्यकथा म्हणून सांगतात, आणि तेथेच थांबतात. आम्हास महत्त्वाच्या वाटतात त्या पुढच्या दोन गोष्टी. पहिली ही की, मोंझाच्या सरावात आपण भीतीने ताठरून गेलो होतो, हे लाउदाने पुढे उघडपणे सांगितले. ती भीती त्याने दडपली नाही. तो मागे सरला, विचार केला, आणि वेगाचा हट्ट सोडून आधी सावकाश गाडी चालवावयाचे ठरविले. दुसरी गोष्ट २४ ऑक्टोबरची. जपानमध्ये फुजी येथे वर्षातील अखेरची शर्यत होती. लाउदा तीन गुणांनी पुढे होता. पाऊस धो धो कोसळत होता. दोन फेऱ्या होताच त्याने गाडी आत घेतली आणि तो उतरला. इंजिन बिघडले असे जाहीर करू, असे त्याच्या संघातील मंडळींनी सुचविले. त्याने ते नाकारले आणि, अशा पावसात गाडी चालविणे मला धोक्याचे वाटले, असेच सांगितले. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट ती शर्यत तिसऱ्या क्रमांकाने संपवून ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने जगज्जेता झाला. लाउदाने १९७७ व १९८४ या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळविले. २०१९ साली तो वारला.

आता आमच्या वाचकांनी स्वतःस विचारावे की, मोंझास पुन्हा बसणारा लाउदा मोठा की फुजीस उतरणारा? आम्ही यावर बराच काळ घालविला. आमचे मत असे झाले की, ते दोन निराळे निर्णय नव्हेतच. भीती वाटत असता बसणे आणि जग पाहात असता उतरणे, या दोहोंत त्याने भीतीचे म्हणणे ऐकून घेतले, आणि मग निकाल स्वतः दिला. इंजिनावर दोष ढकलण्याची सोय असूनही त्याने ती घेतली नाही, हे तर आम्हास विशेषच लागले. आम्ही ती घेतली होती. आमचे इंजिन म्हणजे ओला रस्ता.

मे २०२३ मध्ये, म्हणजे अपघातास दहा महिने झाल्यावर, आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. यापूर्वी रुग्णालयात भेटी झाल्या होत्या, पण त्या विचारपुशीच्या. जांबोटीजवळचे त्याचे गाव. घरी आई, पत्नी, एक लहान मुलगी. पायात सळई आहे, चालताना थोडा लचकतो. अंगणात मोटारसायकल उभी होती, तीच. आम्ही पाहात राहिलो तेव्हा तो म्हणाला, “चालवतो की काका. तीन महिने झाले. पहिले चार दिवस भाऊ मागं बसायचा. न चालवून भागतंय कुठं? दूध काय चालत जातंय?”

त्या एका वाक्याने आमच्या सबंध वर्षाच्या प्रायश्चित्ताची किंमत आमच्यासमोर मांडली. पुन्हा बसावे की न बसावे, या प्रश्नावर दहा महिने घोळत बसण्याची सवड आम्हास होती, कारण आमच्या दारी दुसरा चालक होता व पेन्शन महिन्याच्या महिन्यास येत होते. ज्याचा पाय मोडला, त्याला ती सवड नव्हती. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्या दुसऱ्या आकड्यातील एक आमच्यासमोर चहाची कपबशी घेऊन बसला होता. उरलेल्यांतही त्याच्यासारखे, सळई घातलेल्या पायाने गाडीला किक मारून कामास जाणारे, किती असतील! त्यांच्याविषयी कोणी धैर्याचे लेख लिहीत नाही.

चहा झाल्यावर आम्ही त्याला सांगितले की, त्या दिवशी गाडी घसरली नव्हती. आम्हाला झोप लागली होती. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ठाऊक होतं मला. हॉर्न नाही, ब्रेक नाही. जागा माणूस ब्रेक तरी दाबतो.” इतके दिवस तू बोलला का नाहीस, असे विचारले. “तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. नंतर म्हटलं, नसतील सांगत.” त्याने आम्हास क्षमा केली असे आम्ही लिहिणार नाही, कारण तसे तो म्हणाला नाही, आणि त्याने तसे म्हणावे ही अपेक्षा करण्याचा अधिकारही आम्हास नव्हता. निघताना त्याने एवढेच विचारले की, आता गाडी कोण चालवितो? मुलगा, असे आम्ही सांगितले. “तो काय करतो?” उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, पाळीची नोकरी आहे. “रात्रपाळी पण असते म्हणा की,” एवढे बोलून तो मोटारसायकल आत घेऊ लागला.

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवीत होता. तो आदल्या रात्रपाळीहून सकाळी सातला आला होता, आणि आमच्यासाठी दहा वाजता उठला होता. त्याच्या डोळ्यांकडे आम्ही आरशात पाहिले. गेले दहा महिने कवळ्यास, म्हार्दोळास, मिरजेस डॉक्टरांकडे, जेथे जेथे आम्हास जावयाचे होते, तेथे तेथे तो आम्हास असाच नेत होता. ज्या दोषापायी एका माणसाचा पाय मोडला, तोच दोष आम्ही स्वतःच्या प्रायश्चित्तासाठी मुलाच्या माथी मारला होता, आणि मागच्या आसनावर बसून रामरक्षा म्हणत होतो. जांबोटीच्या पुढे आम्ही गाडी थांबवावयास लावली. त्या दिवशीही आम्ही चालकाच्या जागी बसलो नाही. ते धैर्य नव्हते. मुलाला झाडाखाली अर्धा तास निजविले आणि आम्ही बाहेर दगडावर बसून राहिलो.

आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताचा विचार आहे, त्यात केलेले कृत्य उघडपणे सांगणे व त्याचा पश्चात्ताप करणे, यांस मोठे स्थान आहे. आम्ही ते दोन्ही वगळून त्यागापासून आरंभ केला होता. त्याग तेवढा लोकांस दिसतो, म्हणून तो सोपा. आमच्या मते, ज्याच्या हातून अपघात घडला त्याने प्रथम तो कसा घडला हे खरेपणाने सांगावे. ज्याची हानी झाली त्याला आधी, इतरांस मग. तसे सांगितल्यावर पुन्हा बसावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ सोपे होते. कारण दोष कोठे होता ते कळते. दोष दृष्टीत असेल, हातापायांत असेल, फेफऱ्यासारख्या व्याधीत असेल, तर वैद्याचा सल्ला मानून किल्ली कायमची ठेवून द्यावी; तेथे पुन्हा बसणे ही निव्वळ घमेंड. आमच्या पिढीतील काही मंडळी डोळ्यांस दिसत नसता केवळ मानासाठी गाडी हाकतात. त्यांस भीती वाटत नाही, आणि त्यांच्याकरिता भीती वाटणे हे शेजाऱ्यांच्या वाट्यास येते. उलट दोष वेगाच्या हट्टात, मद्यात, किंवा आमच्याप्रमाणे थांबण्याच्या लाजेत असेल, तर गाडी सोडल्याने तो दोष जात नाही. तो पायी चालणाऱ्या माणसातही तसाच शिल्लक राहतो. आणि दोष आपला मुळीच नसून केवळ धास्ती उरली असेल, तर ती धास्ती हळूहळू, पायरीपायरीने कमी करता येते. तिच्यापासून जितके पळावे तितकी ती वाढते, असे मानसरोगतज्ज्ञांचे म्हणणे आहे. अशा धास्तीस १९८० पासून वैद्यकशास्त्राने आजार म्हणून मान्यता दिलेली आहे. तेव्हा घरातील धीट मंडळींनी, त्यात काय एवढे, बस पाहू, असे म्हणून कोणास बळेच बसवू नये. आमच्या बहिणीस तर आजही मोटारीत पुढे बसवत नाही. ती मागे बसते, डोळे मिटून. तिला कोणी काही म्हणत नाही.

आम्ही जून २०२३ पासून आरंभ केला. पहिले आठ दिवस बंद गाडीत नुसते बसत होतो, दारातच. शेजारची मुले येऊन काचेतून पाहात. आजोबा गाडीत पेपर का वाचतात, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मग सकाळी सहाच्या सुमारास कॅम्पातील झाडांखालच्या रस्त्यांवरून, ताशी वीसच्या वेगाने. शेजारी मुलगा. पहिल्या दिवशी समोरून एक सायकलवाला आला, तर आम्ही गाडी पुरती थांबवून तो जाईपर्यंत ब्रेकवरचा पाय काढला नाही. गणपतीपर्यंत खानापूरच्या रस्त्यास लागलो. पावसात बसावयास नवरात्र उजाडले. मध्यंतरी एकदा एका ट्रकने मागून जोरात भोंगा वाजविला आणि आम्ही गाडी बाजूस घेऊन दहा मिनिटे तशीच उभी केली. घरी आल्यावर त्या दिवशी जेवण गेले नाही. तोंडाने रामरक्षा येई, पण आता तिचा उपयोग निराळा होता. ती अडखळू लागली, श्लोक मागेपुढे होऊ लागले, की समजावे झोप जवळ आली. देवाच्या स्तोत्राचा असा उपयोग करणे योग्य की अयोग्य, हे शास्त्रीमंडळींनी सांगावे.

जानेवारी २०२४ मध्ये मंडळाची कवळ्याची वारी ठरली. दुपारच्या आरतीस सर्वांनी जमावे असा बेत होता. आमच्या गाडीत आम्ही, कुटुंब, मागे बहीण. मुलाची आदल्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून तो घरी निजला. जांबोटी गेली. ते झाड आले. त्याच्या बुंध्यावरील खूण अजून आहे. आम्ही पाहिली आणि पुढे गेलो. त्या तरुणाच्या गावचा फाटाही गेला. कणकुंबी जवळ आली तेव्हा ऊन कोवळे होते, रस्ता रिकामा होता, आणि रामरक्षेत आमचा एक श्लोक चुकला. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तेथेच चुकली. मागून बहिणीने डोळे न उघडताच विचारले, “काय रे?” आम्ही कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ सावलीत गाडी लावली, मंडळाच्या चिटणीसांस फोन करून, आम्हास उशीर होईल, झोप येत आहे म्हणून थांबलो आहोत, असे कळविले. पलीकडून ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग “बरे, बरे” म्हणाले.

आसन मागे करून आम्ही निजलो. जागे झालो तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि कुटुंब व बहीण देवळात दर्शन घेऊन येऊन पायरीवर बसल्या होत्या. घाट सावकाश उतरलो. कवळ्यास पोहोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती, पंगतही उठत होती. चिटणीसांनी आमच्यासाठी तीन पाने वाढून झाकून ठेविली होती.